बजेटात बसणारी रायफल आणि थ्री नॉट थ्रीची गोष्ट

पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन बसा.

गेल्या बाजारच्या दिवशी अप्पा आले. अप्पा म्हणजे आमच्या पाटणच्या वरच्या अंगाला असलेल्या एका वाडीतले निवृत्त सुभेदार. अठ्ठावीस वर्षं फौज केली. वय सत्तरीच्या पुढं, पण अजून डोंगर चढताना मला मागं टाकतात. पिशवी खुर्चीला अडकवली आणि थेट विषयाला हात घातला.

"पत्रकार, बजेटात बसंल अशी रायफल कंची घ्यावी रं? दिसाया जुन्या मिलिटरीवानी पायजे. लाकडी दस्ता, बोल्ट मागं ओढायचा, खटॅक करून पुढं सारायचा. आमच्या बापाच्या हातात व्हती तसली."

मी म्हटलं, "अप्पा, तुम्ही जन्मभर बंदूक वागवली आणि विचारताय मला?"

"आरं लेका, तितं सरकार दील ती उचलायची. निवडायला कोण इचारतंय?"

अप्पा सहज बोलून गेले, पण ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. कारण या देशात कुणाच्या हातात कोणती बंदूक असावी, हे जवळपास दीडशे-पावणेदोनशे वर्षं बंदूक धरणाऱ्याला न विचारताच ठरत आलंय. अप्पांच्या प्रश्नाचं उत्तर एका ओळीचं आहे: "पॉइंट ३१५ घ्या." पण अप्पांचा पुढचा प्रश्न होता, "थ्री नॉट थ्रीच का न्हाई मिळत?" त्याचं उत्तर द्यायला मला १८५७ पर्यंत मागं जावं लागलं. तेच इथं मांडतोय.

सुरुवात हुगळीच्या काठापासून करू. कलकत्त्याच्या उत्तरेला नदीच्या पूर्वेकडच्या एका लहानशा पट्ट्यात तीन गावं आहेत: दमदम, बराकपूर आणि इशापूर. हिंदुस्थानातल्या बंदुकीचा अर्धा इतिहास या पट्ट्यात घडला. नवी एनफिल्ड रायफल चालवायचं शिक्षण दमदमला चालायचं. तिच्या काडतुसाला गाईची आणि डुकराची चरबी लावलीय ही बातमी १८५७ च्या जानेवारीत तिथूनच पसरली. २९ मार्चला बराकपूरच्या परेड ग्राउंडवर मंगल पांडेंनी गोळी झाडली. पुढचं सगळं आपण शाळेत शिकलोय.

शाळेत जे शिकवत नाहीत ते त्याच्या नंतरचं. ज्या एनफिल्डवरून भडका उडाला तिच्या नळीत आटे होते. आटे म्हणजे आतून पीळ दिलेले खाचे. त्यातून गोळी गिरक्या घेत जाते, म्हणून लांब जाते आणि नेमकी जाते. उठाव मोडल्यावर इंग्रजांनी काय केलं? देशी पलटणींना दिसायला तशीच, पण आतून गुळगुळीत नळीची बंदूक दिली. आटेच काढून टाकले. गोऱ्या सोजिराची गोळी कित्येक शे यार्डांवर नेमकी लागायची, आणि त्याच्याच शेजारी उभ्या असलेल्या देशी शिपायाला शंभर यार्डांच्या पुढं भरवसा नव्हता. तोफखाना तर जवळपास सगळाच गोऱ्यांच्या ताब्यात गेला.

पुढची चाळीसेक वर्षं एक अलिखित नियमच होऊन बसला: देशी शिपाई एक पिढी मागं. गोऱ्यांना मागून भरायची स्नायडर मिळाली तेव्हा आपल्या लोकांकडं तोंडातून ठासायची जुनी बंदूक. गोऱ्यांकडं मार्टिनी-हेन्री आली तेव्हा आपल्याकडं त्यांनी टाकलेली स्नायडर. १८८८ मध्ये गोऱ्यांना मॅगझिनवाली ली-मेटफर्ड मिळायला लागली तेव्हा आपल्याकडं त्यांची उतरलेली मार्टिनी. थोरल्याचा सदरा धाकट्याला येतो तसं. फरक एवढाच, की इथं सदरा मुद्दाम आखूड ठेवला जात होता. यात पैशाची बचत होती, हे खरं. पण खरं कारण भरवशाचं होतं. तुमच्या बंदुकीपेक्षा माझी बंदूक भारी आहे तोवर तुम्ही माझ्यावर उलटणार नाही, असा तो हिशेब होता.

ही झाली शिपायाची कथा. आता साध्या रयतेची.

१८७८ मध्ये व्हाइसरॉय लिटनच्या काळात शस्त्रास्त्र कायदा आला. हत्यार बाळगायचं तर परवाना पाहिजे, असा तो कायदा. पण युरोपियनांना त्यातून सूट. म्हणजे चहामळ्याच्या गोऱ्या मॅनेजरला परवान्याची गरज नाही, आणि ज्याच्या शेतात रानडुक्कर शिरतंय त्या शेतकऱ्याला कचेरीच्या पायऱ्या झिजवायच्या. कोडगूच्या कोडवा लोकांना मात्र वेगळी सूट मिळाली होती आणि ती आजही चालू आहे, हा इतिहासातला एक गमतीचा कोपरा. गांधीजी अहिंसेचे, पण त्यांनीही १९१८ मध्ये खेड्यात सैन्यभरतीसाठी फिरताना या कायद्याची गणना ब्रिटिश राज्याच्या सर्वांत काळ्या कृत्यांत केली होती. १९३१ च्या कराची काँग्रेसमध्ये मूलभूत हक्कांचा ठराव झाला, त्यात नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्कही होता. पुढं राज्यघटना झाली, त्यात तो हक्क आला नाही. स्वतंत्र भारताने १९५९ मध्ये स्वतःचा कायदा केला. गोरा-काळा भेद गेला, परवाना राहिला. आणि माझ्या मते ते बरोबरच झालं. पण त्यावर पुढं बोलू.

आता येते अप्पांच्या प्रश्नाची खरी गाठ.

१८८८ पासून ब्रिटिश लष्कराचं काडतूस ठरलं पॉइंट ३०३. म्हणजे नळीचा व्यास इंचाच्या एक हजार भागांतले ३०३ भाग, आपल्या हिशेबात ७.७ मिलिमीटर. जेम्स पॅरिस ली नावाच्या स्कॉटलंडमध्ये जन्मलेल्या कारागिराचा बोल्ट आणि एनफिल्डच्या सरकारी कारखान्याची नळी, म्हणून नाव ली-एनफिल्ड. १९०७ मध्ये तिचं प्रसिद्ध मार्क थ्री रूप आलं. वजन चार किलोच्या आत-बाहेर, लांबी सव्वा मीटरच्या आत, मॅगझिनमध्ये दहा गोळ्या. बोल्ट इतका सुटसुटीत फिरतो, की तयार शिपाई मिनिटाला पंधरा नेमके बार काढायचा.

अशी रायफल आणि तिचं काडतूस बाजारात मोकळं मिळायला लागलं तर? इंग्रजांना वायव्य सरहद्दीच्या पठाणांची आणि देशातल्या बंडखोरांची धास्ती होती. लष्कराचं काडतूस चोरीला गेलं तर ते कुणाच्या तरी खासगी रायफलीत चालणार, किंवा शिकाऱ्याचं काडतूस बंडखोराच्या लष्करी रायफलीत चालणार. म्हणून त्यांनी सरळ मापावरच बंदी घातली. लष्कराच्या मापाचं काडतूस हिंदुस्थानात खासगी माणसाला नाही. १९०७ च्या सुमारास तर पॉइंट ४५० च्या मोठ्या शिकारी रायफलींवरही बंदी आली, कारण त्यातली गोळी काढून जुन्या मार्टिनीच्या काडतुसात भरता येईल अशी भीती होती. वाघाच्या मागं फिरणाऱ्या बड्या गोऱ्या साहेबांचीसुद्धा पंचाईत झाली. विलायतेतल्या बंदूकवाल्यांना मग ४६५, ४७० अशी नवनवी मापं काढावी लागली. एका सरकारी भीतीपोटी जगातल्या शिकारी बंदुकांची मापं बदलली, बघा.

लहान रायफलीचं काय करायचं? बर्मिंगहॅमच्या बीएसए कंपनीने युक्ती काढली. रायफल तीच, ली-एनफिल्डच्या बोल्टची. फक्त नळी बदलली आणि तिला ऑस्ट्रियाच्या मान्लिखर रायफलीचं आठ मिलिमीटरचं काडतूस बसवलं. आठ मिलिमीटर म्हणजे पॉइंट ३१५. हे काडतूस ना ब्रिटिश फौजेचं, ना हिंदी फौजेचं. म्हणून कायद्यात बसलं. हिंदुस्थानच्या बाजारासाठी जन्मलेली ही रायफल. जुने परवानाधारक अजून तिला "एट एमएम बीएसए" म्हणतात.

इंग्रज गेले, त्यांनी घातलेली मापाची भिंत राहिली. आजही पॉइंट ३०३, ७.६२, ९ मिलिमीटर ही मापं आपल्याकडं "प्रोहिबिटेड बोअर" आहेत, सामान्य परवान्यावर मिळत नाहीत. आणि आजही आपला सरकारी कारखाना पॉइंट ३१५ ची स्पोर्टिंग रायफल बनवतो. कुठं? त्याच पट्ट्यात, इशापूरला. तिचा बोल्ट बघितला तर थ्री नॉट थ्रीचा सख्खा भाऊ.

अप्पांना मी फोनवर फोटो दाखवला. बराच वेळ बघून म्हणाले, "आरं, ही तीच की! म्होरलं लाकूड तेवढं निम्मं कापलंय."

बरोबर ओळखलं. पंचविसाव्या वर्षी हातात धरलेली चीज माणूस विसरत नाही.

आता थोडं इशापूरच्या थ्री नॉट थ्रीबद्दल, कारण आपल्या जिल्ह्याच्या घराघरातल्या जुन्या फोटोंत ती आहे. इशापूरला रायफल कारखाना निघाला १९०४ मध्ये. पहिल्या महायुद्धात १९१४ च्या शरदात हिंदी फौज फ्रान्सच्या मार्सेय बंदरात उतरली तेव्हा तिच्या रायफली काढून घेऊन नव्या नमुन्याच्या दिल्या गेल्या, कारण फ्रान्सच्या आघाडीवरचा दारूगोळा नव्या प्रकारचा होता. १८५७ च्या उठावानंतर ज्यांच्या नळीतले आटे काढले त्यांना गोऱ्यांच्या बरोबरीची रायफल मिळाली, ती अशी. मनं बदलली म्हणून नव्हे. एकाच आघाडीवर दोन प्रकारची काडतुसं पुरवणं परवडत नव्हतं म्हणून.

आपली मराठा माणसं बहुतेक मेसोपोटेमियाला गेली. कुतच्या वेढ्यात १०३, ११० आणि ११७ या तीन मराठा पलटणी होत्या. २९ एप्रिल १९१६ ला उपासमारीने फौज शरण आली. त्या कैद्यांतले किती घरी परतले, ते आपल्याकडच्या जुन्या घराण्यांना विचारा.

त्याच १९१६ साली या रायफलीत एक बदल झाला आणि बजेटमध्ये बंदूक निवडणाऱ्या प्रत्येकाने तो समजून घ्यावा असा आहे. लाखो रायफली भराभर हव्या होत्या. म्हणून कारखान्यांनी विचारलं, हिच्यातलं काय काढलं तरी चालेल? लांब पल्ल्यावर सामुदायिक गोळीबार करायची बाजूची पट्टी काढली. एक-एक गोळी भरण्यासाठी मॅगझिन बंद ठेवणारी झडप काढली. नळी, बोल्ट, मॅगझिन यांना हात लावला नाही. या स्वस्त केलेल्या रूपाने उरलेलं महायुद्ध लढलं. इंग्लंडने पुढं दुसऱ्या महायुद्धात नवा नमुना आणला, पण इशापूरने जुनाच चालू ठेवला, कारण सगळी यंत्रं बदलायचा खर्च आणि वेळ नव्हता. अप्पांच्या वडिलांच्या हातात होती ती हीच.

मग आलं १९६२. २० ऑक्टोबरला नामका चू नदीवर चिनी फौज तुटून पडली तेव्हा आपल्या जवानांच्या हातात थ्री नॉट थ्री होती. एक गोळी झाडा, बोल्ट ओढा, पुन्हा झाडा. समोरच्यांकडं चाप दाबत राहिलं की गोळ्या सुटत राहणारी हत्यारं होती. पराभवाला कारणं पुष्कळ होती: कपडे, रस्ते, रसद, दिल्लीतले निर्णय. सगळा दोष रायफलीच्या माथी मारणं खोटं ठरेल. पण हत्यार जुनं होतं हे तर उघड होतं.

युद्धानंतर इशापूरने दोन गोष्टी केल्या. एक, अर्धस्वयंचलित एसएलआर बनवायला घेतली. अप्पांनी नोकरी काढली ती हिच्यावर. दोन, एसएलआर पुरेशा होईपर्यंत हाताशी काहीतरी हवं म्हणून जुन्याच थ्री नॉट थ्रीला चांगलं पोलाद आणि ७.६२ ची नळी बसवून नवी रायफल काढली, टू-ए आणि मग टू-ए-वन. मॅगझिन बारा गोळ्यांचं. बाहेरून १९०७, आतून १९६०. जगभरच्या फौजा बोल्टची रायफल सोडून देत होत्या तेव्हा आपण नवी बोल्टची रायफल बनवत होतो. हसू नका. तिजोरीत नाही म्हणून घरातल्या जुन्या भांड्याला कल्हई लावून वापरणं आपल्या सगळ्यांच्या घरात झालंय.

फौजेला एसएलआर मिळाली आणि फौजेची थ्री नॉट थ्री पोलिसांकडं आली. पुन्हा तोच थोरल्याचा सदरा.

आता माझी एक आठवण सांगतो. २००८ साल. मी पत्रकारितेत नवा होतो. २७ नोव्हेंबरच्या सकाळी बंदोबस्ताची बातमी करायला एका पोलीस ठाण्यावर गेलो. दारावर उभ्या हवालदारांकडं थ्री नॉट थ्री होती. मी विचारलं, "काका, शेवटचा बार कधी काढला?" ते हसले. "साहेब, सलामीला काढतो की." मी त्यांना बोल्ट ओढून दाखवायला सांगितलं. पहिल्या झटक्याला तो हललाच नाही. दुसऱ्याला आला. त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि मी वहीकडं. ही गोष्ट मी त्या दिवशी छापली नाही. का, ते आज सांगता येत नाही. त्या माणसाची लाज वाटू नये असं वाटलं असावं. छापायला हवी होती.

आदल्या रात्री सीएसटीवर काय झालं ते आपण सगळ्यांनी पाहिलं. दोन अतिरेकी, दोघांच्या हातात एके-४७. समोर काही पोलिसांकडं थ्री नॉट थ्री आणि बऱ्याच जणांकडं नुसती लाठी. स्टेशनात ५० हून अधिक माणसं मेली. नंतर लोक म्हणाले, पोलीस पळाले. काही जण लपले हे खरं. काहींनी त्या जुन्या रायफलीने गोळ्या झाडल्या हेही खरं. ज्याने वर्षानुवर्षं सरावाला पुरेशा गोळ्या पाहिल्या नाहीत त्याने त्या रात्री काय करायला हवं होतं, हे खुर्चीत बसून सांगणं सोपं आहे. राज्य सरकारने नेमलेल्या राम प्रधान समितीनेही गोळीबाराचा सराव आणि दारूगोळ्याची टंचाई यावर बोट ठेवलं.

आणि त्याच रात्री गिरगाव चौपाटीवर तुकाराम ओंबळे. आपल्या जावळीच्या केडंब्याचे. हातात रायफल नव्हतीच, लाठी होती. कसाबच्या एके-४७ ची नळी त्यांनी दोन्ही हातांनी धरली आणि गोळ्या अंगावर घेतल्या, म्हणून तो जिवंत सापडला. त्यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळालं. आपण दरवर्षी फोटोला हार घालतो. घालायलाच हवा. पण हार घालताना कधीतरी हे विचारायला हवं, की एका सहायक उपनिरीक्षकावर नुसत्या हातांनी नळी धरायची वेळ का आली?

त्यानंतर बदल झाले. नवी हत्यारं आली, फोर्स वन उभं राहिलं. उत्तर प्रदेश पोलिसांनी २०२० च्या प्रजासत्ताक दिनाच्या संचलनात थ्री नॉट थ्रीला रीतसर निरोप दिला. तिथं ती १९४५ पासून होती. पंचाहत्तर वर्षं! एखाद्या हवालदाराचा आजा, बाप आणि तो स्वतः एकाच रायफलीवर नोकरी करून निवृत्त झाले असतील.

असो. अप्पांचा प्रश्न अजून तसाच आहे. बजेटात कोणती घ्यावी?

चौकशी करून त्यांना जे सांगितलं ते तुम्हालाही सांगतो.

पहिली गोष्ट, परवाना. अर्ज जिल्हादंडाधिकाऱ्यांकडं, पोलीस पडताळणी, कारण पटवून द्यायचं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला जास्तीत जास्त दोनच हत्यारं ठेवता येतात, पूर्वी तीन होती. परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षं झाली. अप्पांकडं शेतीसंरक्षणाची एकनळी बारा बोअर आहे, म्हणजे एक जागा शिल्लक.

दुसरी, विलायती जुनी रायफल. १९८० च्या दशकाच्या मध्यापासून खासगी लोकांना बाहेरून बंदूक आणायला जवळपास बंदीच आहे. त्यामुळं देशात आधीपासून असलेल्या जुन्या विलायती रायफलींना सोन्याचा भाव. एक विकली की दुसरी येत नाही. साधी, पण नाव विलायती, की किंमत लाखांत. बजेटवाल्याने त्या वाटेला जाऊ नये. त्यापुढं सरकारी कारखान्याची ३१५ पुष्कळ स्वस्त.

तिसरी, जुनी ३१५ कुणी विकत असेल तर काय बघायचं. नळी उजेडाकडं धरून आतून बघायची. आटे टोकदार दिसतात का, खड्डे पडलेत का. जुन्या काडतुसांच्या टोपीतल्या मसाल्याने नळीत क्षार राहायचे आणि गंज धरायचा, म्हणून जुने फौजी नळीत उकळतं पाणी ओतायचे. ज्याने ओतलं नाही त्याची नळी सांगते. बोल्टवरचा आणि बॉडीवरचा नंबर एकच आहे ना ते बघायचं, आणि तोच कागदावर आहे ना तेही. बोल्ट बंद केल्यावर काडतुसामागं किती फट राहते ते परवानाधारक कारागिराकडून मोजून घ्यायचं, कारण फट जास्त असली तर काडतूस फाटतं आणि जाळ तोंडावर येतो. मनगट जिथं धरतो तिथं दस्त्याला चीर नको. वरचं पॉलिश बघून भुलू नये. १९१६ च्या कारखान्याने जे केलं तेच करायचं: नळी आणि बोल्ट यात तडजोड नाही, बाकी सगळ्यात चालेल.

चौथी, काडतूस. रायफल एकदाच घ्यायची, काडतुसं जन्मभर. परवान्यावर कोटा असतो. ३१५ ची काडतुसं आपल्या पुण्याच्या खडकीच्या कारखान्याची. बुडावर के एफ अशी दोन इंग्रजी अक्षरं असतात, त्यातला के म्हणजे किर्की, खडकीचं इंग्रजांनी केलेलं नाव. १८१७ च्या नोव्हेंबरात ज्या खडकीला पेशव्यांची फौज हरली, तिथं १८६९ मध्ये इंग्रजांनी हा कारखाना काढला. परवान्याच्या प्रत्येक काडतुसाच्या बुडावर आपल्या पराभवाचं गाव कोरलेलं आहे, हे अप्पांनाही माहीत नव्हतं.

आणि हो, आपल्या या कायदेशीर काडतुसाचा एक बेकायदा संसारही आहे. उत्तरेत जो "३१५ चा कट्टा" म्हणतात, तो गावठी पिस्तुलाचा प्रकार याच मापाचा. काडतूस परवानाधारकाच्या नावाने सुटतं आणि मागच्या दाराने जातं. इंग्रजांना भीती होती की लष्कराचं काडतूस बंडखोराकडं जाईल. शंभर वर्षांनी शेतकऱ्याच्या नावाचं काडतूस गुंडाकडं जातंय. म्हणून मी मघाशी म्हटलं, परवाना असावा. ज्याला वाटतं की तपासणी म्हणजे नुसता छळ, त्याने एकदा कट्ट्याच्या गुन्ह्याचा पंचनामा वाचावा.

पाचवी गोष्ट मी सांगितली नाही. ती अप्पांनीच सांगितली.

सगळं ऐकून घेतल्यावर ते गप्प बसले. मग म्हणाले, "बारा बोअरचा छर्रा शे-पन्नास पावलांवर मरतो. रायफलीची गोळी?"

मी म्हटलं, "दोन किलोमीटरच्या पुढंही जीव घेऊ शकते."

"आमच्या शेताच्या समोरच्या डोंगराला वाडी हाय. रातच्याला डुकरावर झाडली आन् चुकली, तर कुणाच्या दारात जाईल?"

मी काही बोललो नाही. शिवाय रानडुक्कर मारायचं तर वनखात्याची लेखी परवानगी लागते, नुसती बंदूक असून भागत नाही, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. ते आले होते ते डुकरासाठी नव्हतेच. वडिलांच्या हातातली वस्तू घरात असावी, एवढंच होतं ते.

"ऱ्हाऊ दे," म्हणाले. "बापाचा फोटो हाय. तोच मोठा करून घेतो. फ्रेमचं काय घेत्यात रं?"

फ्रेमवाल्याचा नंबर दिला.

अप्पांचं बजेट असं सुटलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना निवडायला मिळालं आणि त्यांनी न घेण्याचं निवडलं. त्यांच्या जागी मी असतो तर कदाचित घेतली असती, भिंतीवर टांगायला म्हणून. फौजी माणूस बंदूक भिंतीवर टांगायची वस्तू समजत नाही.

पण दुसरं एक बजेट आहे आणि ते आपल्या सगळ्यांचं आहे. जिल्हा नियोजनातून पोलिसांना गाड्या मिळतात, नारळ फुटतो, हिरवा झेंडा दाखवतात, फोटो येतो. मीही छापतो. सरावाच्या गोळ्यांचा फोटो येत नाही, म्हणून त्या कुणी विचारत नाही. हातात कोणतं हत्यार द्यायचं हे शिपायाला कधीच कुणी विचारलं नाही, १८५८ मध्ये नाही, १९६२ मध्ये नाही, २००८ मध्येही नाही. निदान ते चालवायला त्याला पुरेशी काडतुसं तरी मिळतात का, हे आपण विचारू शकतो.

तेव्हा पुढच्या वेळी आपले लोकप्रतिनिधी पोलीस ठाण्याच्या नव्या गाडीसमोर उभे राहतील तेव्हा एकच प्रश्न विचारा. साहेब, या ठाण्यातल्या एका शिपायाला वर्षाला सरावासाठी किती गोळ्या मिळतात?

मी या महिन्यात माहिती अधिकारात तोच अर्ज टाकतोय. उत्तर आलं की, जसं येईल तसं, इथं छापेन. २७ नोव्हेंबरला जे छापलं नाही त्याची थोडी तरी भरपाई होईल.